खर्जाची तार
(नभोवाणीवरील भाषण)



पांढुर्णा आणि सौसर ही नावे उच्चारली की बाहेरच्या माणसाला संत्र्यांच्या बागा आठवतात, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात होणारी गोटमार आठवते, किंवा जामसावळीचा मारुती आठवतो. या भागाचे पोट ज्या पिकावर पिढ्यान्‌पिढ्या चालत आले त्या कापसाची आठवण मात्र क्वचितच कोणी काढतो. आज मी एका परदेशी वाद्याविषयी आणि त्यावर वाजवावयाच्या एका परदेशी गाण्याविषयी बोलणार आहे. त्या गाण्याचा माग काढता काढता मी अखेर कापसाच्याच शेतात जाऊन पोहोचलो. म्हणून आरंभीच कापसाचे नाव घेतले.

प्रसंग अगदी साधा आहे. आमच्याकडील एका शेतकरी कुटुंबातला मुलगा नागपुरास शिकावयास आहे. सुटीत घरी येताना तो बास गिटार घेऊन आला. चार जाड तारांचे ते वाद्य आणि त्याला जोडावयाची ध्वनिवर्धकाची लहानशी पेटी त्याने ओसरीवर मांडली आणि एक ब्लूज वाजवावयास घेतला. त्याचे आजोबा भजनी मंडळातले जुने वीणेकरी. त्यांनी थोडा वेळ कान देऊन ऐकले आणि विचारले, "अरे, पण यात गाणं कुठं आहे? नुसतं घुमतंच तर आहे!" मुलगा खट्टू झाला. ओसरीवरच्या दुसऱ्या एका गृहस्थांनी निकाल दिला की, हे दुसऱ्यांचे वाजवणे आहे, आपल्याला त्याचा काय उपयोग? मी त्या वेळी तेथेच होतो. ज्यात गाणे ऐकू येत नाही ते शिकावयाचे कशासाठी, आणि जे दुसऱ्यांचे आहे ते आपण शिकावे किंवा नाही, हे दोन प्रश्न मी तेथून घरी घेऊन आलो. पुढे त्या मुलाबरोबर बसून मीही त्या तारांवर बोटे झिजवली. जे उमगले ते आज आपणांपुढे ठेवीत आहे.

प्रथम दुसऱ्या प्रश्नाकडे वळू. कारण त्याचे उत्तर इतिहासात आहे.

इ. स. १७९३ मध्ये अमेरिकेत एली व्हिटनी याने कापसातून सरकी वेगळी करणारे यंत्र तयार केले. रेच्यावर माणसाच्या हातांनी जे काम दिवसभर चाले ते झपाट्याने होऊ लागले. सरकी काढण्याची अडचण दूर झाली तेव्हा जितका कापूस पिकेल तितका विकला जाऊ लागला, आणि तो पिकवण्यासाठी व वेचण्यासाठी आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांची व त्यांच्या संततीची मागणी वाढत गेली. श्रम वाचवणाऱ्या यंत्राने गुलामी वाढवली, असा हा विचित्र व्यवहार आहे. १८६० साली अमेरिकेच्या दक्षिण भागात सुमारे चाळीस लक्ष माणसे गुलामीत होती. इंग्लंडातील लँकेशायरच्या गिरण्या मुख्यत्वे त्यांच्या हातांनी वेचलेल्या कापसावर चालत.

१८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरे अडवली आणि कापसाची निर्यात थांबली. लँकेशायरमध्ये गिरण्या बंद पडल्या, आणि इंग्रज व्यापाऱ्यांची दृष्टी हिंदुस्थानच्या काळ्या मातीकडे वळली. योगायोग असा की, याच १८६१ सालात नागपूर ही राजधानी करून मध्य प्रांताची स्थापना झाली. छिंदवाडा जिल्हा आणि त्यातील पांढुर्णा-सौसरचा मुलूख त्याच प्रांतात होता. कापसाचे भाव कधी ऐकले नव्हते इतके चढले. मुंबईत पैशाचा पूर आला, शेअरांचा सट्टा माजला. १८६५ मध्ये युद्ध संपले, अमेरिकेचा कापूस पुन्हा बाजारात येऊ लागला, भाव कोसळले आणि मुंबईतील कित्येक पेढ्या बुडाल्या. चढत्या भावाच्या भरवशावर ज्या शेतकऱ्यांनी कर्ज काढले होते त्यांच्या मानेवरचे जोखड मात्र उतरले नाही. १८७५ साली पुणे व अहमदनगर जिल्ह्यांत सावकारांच्या वह्या जाळणारे जे दंगे झाले, त्यांच्या कारणांत या मंदीचीही गणना होते. इकडे १८६७ मध्ये रेल्वे नागपूरपर्यंत येऊन पोहोचली. १८७७ मध्ये जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल नागपुरास सुरू झाली. मिसिसिपी नदीच्या काठी काय घडते यावर आमच्या जाम नदीच्या काठच्या पऱ्हाटीचा भाव हलू लागला, तो असा.

त्या दूरच्या माणसांची आठवण आपल्याकडे कोणालाच नव्हती असे मात्र नाही. १८७३ मध्ये महात्मा जोतीराव फुले यांनी 'गुलामगिरी' हे पुस्तक प्रसिद्ध केले आणि ते अमेरिकेतील गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या तेथील सज्जनांना अर्पण केले. पुण्यात बसून मराठीत लिहिणाऱ्या माणसाला त्या मुक्तीत स्वतःच्या लोकांच्या मुक्तीची आशा दिसली. तेव्हा ती माणसे आपल्याला अगदीच अनोळखी होती, असे म्हणता येणार नाही.

१८६५ मध्ये गुलामी कायद्याने संपली. परंतु जमीन कोणाला मिळाली नाही. सुटलेल्या माणसांपैकी बहुतेकांना जुन्या मालकांचीच शेते बटईने करावी लागली. जमीन मालकाची, बियाणे मालकाचे, नांगरास जुंपावयाचे खेचर मालकाचे. वर्षभराचे धान्य व कापड मालकाच्या दुकानातून उधार आणावयाचे. वेचणी झाली की वजन मालकाने करावयाचे, आणि वही मालकानेच लिहावयाची. वर्षअखेर हिशेब वाचून दाखवला जाई तेव्हा कुळाकडेच काहीतरी बाकी निघे. आपल्या भागातील सालदाराला किंवा बटईदाराला ही रीत निराळी समजावून सांगण्याचे कारण नाही. तेथे तिच्या जोडीला आणखी एक भय होते. कातडीच्या रंगावरून शाळा वेगळी, आगगाडीतील डबा वेगळा. आणि कोणी मान वर करून बोलला तर जमावाने धरून त्याला फासावर लटकवल्याचे प्रकारही वारंवार घडत.

अशा मुलखात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ब्लूज हा गानप्रकार आकारास आला. तो कोणी एकाने रचला नाही. डब्ल्यू. सी. हँडी नावाचा एक सुशिक्षित कृष्णवर्णीय बँडमास्तर होता. १९०३ च्या सुमारास मिसिसिपीतील टटवायलर या लहानशा स्टेशनावर तो रात्री गाडीची वाट पाहत बसला होता. गाडीला बराच उशीर झाला होता. शेजारी एक फाटक्या कपड्यांतला माणूस गिटारच्या तारांवर सुरी दाबून सरकवीत होता आणि एकच ओळ पुनःपुन्हा गात होता. दोन रेल्वेमार्ग जेथे एकमेकांना छेदतात तेथे मी जाणार, एवढाच त्या गाण्याचा आशय. असले विलक्षण संगीत आपण पूर्वी कधी ऐकले नव्हते, असे हँडीने आत्मचरित्रात नमूद केले आहे. नागपूर आणि छिंदवाडा यांच्यामधली छोटी गाडी सौसरवरून २०१५ पर्यंत धावत होती. तिची वाट पाहत ज्यांनी रात्री काढल्या आहेत त्यांना त्या स्टेशनाचे चित्र सहज डोळ्यांपुढे आणता येईल. हँडीने पुढे १९१२ मध्ये 'मेम्फिस ब्लूज' आणि १९१४ मध्ये 'सेंट लुईस ब्लूज' छापून प्रसिद्ध केले. १९२० मध्ये मेमी स्मिथ या गायिकेची 'क्रेझी ब्लूज' ही ध्वनिमुद्रिका अफाट खपली, आणि शेतातले गाणे बाजारात आले.

या गाण्याचे कडवे तीन ओळींचे असते. पहिली ओळ सांगावयाची, दुसऱ्यांदा तीच जवळजवळ जशीच्या तशी म्हणावयाची, आणि तिसऱ्या ओळीत तिचा उलगडा करावयाचा. पहिली ओळ पुन्हा म्हणत असताना गाणाऱ्याला तिसरी ओळ सुचावयास अवसर मिळतो आणि ऐकणाऱ्याची उत्कंठा वाढते. मला येथे आपल्या आयाबायांच्या जात्यावरच्या ओव्या आठवतात. जात्याच्या घरघरीवर त्याही जे माणसांजवळ बोलता येत नाही ते बोलून दाखवीत. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी महाराष्ट्रातील खेड्याखेड्यांतून अशा एक लक्षाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्या वाचताना ध्यानात येते की, दुःख स्वतःचे असले तरी त्याचा साचा सर्वांचा असतो. आणि साचा सर्वांचा असल्यामुळेच एकीचे दुःख दुसरीला गाता येते. ब्लूजची गोष्ट तशीच आहे.

आता त्या मुलाने निवडलेल्या गाण्याकडे येतो. त्याचे नाव 'क्रॉस रोड ब्लूज', म्हणजे चव्हाट्यावरचे गाणे. ते रॉबर्ट जॉन्सनने नोव्हेंबर १९३६ मध्ये टेक्सासमधील सॅन अँटोनियो येथे ध्वनिमुद्रित केले. जॉन्सन १९११ साली मिसिसिपीत जन्मला आणि १९३८ मध्ये, वयाच्या अवघ्या सत्ताविसाव्या वर्षी मरण पावला. मागे त्याची एकोणतीस गाणी राहिली. त्याच्याविषयी अशी दंतकथा आहे की, मध्यरात्री चव्हाट्यावर त्याने सैतानाला आपला आत्मा विकला आणि बदल्यात गिटारची विद्या मिळवली. आपल्याकडेही तिवाट्यावर उतारा ठेवतात, त्यामुळे ही कथा आपल्याला चटकन पटण्यासारखी आहे. पण गाण्यात सैतान कोठेच नाही. गाण्यात एक माणूस चव्हाट्यावर गुडघे टेकून देवाची करुणा भाकतो. येणाऱ्याजाणाऱ्या गाड्यांना तो हात करतो. कोणी ओळख देत नाही, कोणी थांबत नाही. आणि दिवस मावळत चाललेला आहे. अनोळखी गावात अंधार पडल्यावर सापडलेल्या कृष्णवर्णीय माणसाचे त्या काळी काय होऊ शकत होते हे ज्याला ठाऊक आहे, त्याला या गाण्यातली भीती समजण्यासाठी सैतानाची आवश्यकता वाटणार नाही.

या ध्वनिमुद्रिकेत बास नावाचे वाद्य नाही. जॉन्सन एकटाच गातो व एकटाच गिटार वाजवतो. त्याचा अंगठा जाड तारांवर खर्ज धरून ठेवतो आणि उरलेली बोटे वरच्या तारांवर गाण्याला जाब देतात. एकट्याचे वाजवणे असल्यामुळे मात्रांचा हिशेब सैल आहे. मनात आले तेथे तो एखादी मात्रा लांबवतो, एखादी गाळतो. एकट्या माणसाला ते शोभते. चार माणसे एकत्र बसली की मात्र कोणीतरी हिशेब धरावा लागतो, आणि जॉन्सनच्या अंगठ्याचे काम पुढे एका स्वतंत्र माणसाकडे आले. बास वादक जन्माला आला तो या गरजेपोटी.

त्याचा हिशेब आता आपल्या परिभाषेत सांगतो. ब्लूजचे एक आवर्तन बारा खंडांचे. दर खंडात चार मात्रा. एकूण मात्रा अठ्ठेचाळीस. ज्याने तबल्याचा ठेका ऐकला आहे त्याच्या लगेच ध्यानात येईल की, ही त्रितालाची बरोबर तीन आवर्तने झाली. कडव्याची एक ओळ म्हणजे एक त्रिताल. बास गिटारच्या चार तारा जाडीपासून बारकीपर्यंत ई, ए, डी, जी अशा मिळवलेल्या असतात. ए तार सेकंदाला पंचावन्न कंपने करते. ती षड्ज मानली, तर तिच्या खालची जाड ई तार मंद्र पंचम होते, वरची डी तार मध्यम होते आणि सर्वांत बारीक जी तार कोमल निषाद होते. ब्लूजला आधारासाठी षड्ज, मध्यम व पंचम एवढेच तीन स्वर लागतात, आणि ते तिन्ही या वाद्यावर मोकळ्या तारांत आयते मिळतात. नवशिक्याला याहून मोठी सवलत कोणते वाद्य देणार?

पहिल्या ओळीच्या सोळाही मात्रा षड्जावर वाजवाव्यात. दुसऱ्या ओळीत आठ मात्रा मध्यमावर आणि आठ पुन्हा षड्जावर. तिसऱ्या ओळीत चार पंचमावर, चार मध्यमावर, चार षड्जावर आणि शेवटच्या चार पुन्हा पंचमावर. तो पंचम पुढच्या आवर्तनाच्या समेवर आणून सोडतो. काही गायक पहिल्याच ओळीत दुसऱ्या खंडाला मध्यमावर जाऊन परत येतात. पण शिकणाऱ्याने आधी साधी वाट पक्की करावी. उजव्या हाताची तर्जनी व मध्यमा आळीपाळीने चालवून, मिनिटाला साठ मात्रांच्या संथ लयीत, एवढेच वाजवावे. ऐकावयास सोपे वाटते. परंतु पहिल्या दिवशी मी तिसऱ्या आवर्तनात वाट चुकलो, आणि दुसऱ्या दिवशी माझ्या बोटांना फोड आले.

येथे आपल्या कानाला एक गोष्ट नवी आहे. आपला तंबोरा वा एकतारी एकच आधार शेवटपर्यंत धरते. गाणारा कितीही दूर जावो, परतण्याचे ठिकाण हलत नाही. ब्लूजमध्ये आधारच जागा बदलतो. गायक तोच स्वर धरून उभा असला तरी खालची जमीन मध्यमाला सरकते आणि त्या एकाच स्वराचा अर्थ पालटतो. हे सरकणे वेळेवर झाले नाही तर गायक अधांतरी राहतो. बास वादकाची सारी जबाबदारी या एका वाक्यात आली.

मोकळ्या तारांचा आणखी एक धडा असा की, त्या आपण होऊन थांबत नाहीत. मध्यमाची तार छेडली तरी षड्जाची तार मागे घुमतच राहते आणि दोन स्वरांचा चिखल होतो. प्रत्येक स्वर कोठे सुरू करावा याइतकेच तो कोठे थांबवावा हे शिकावे लागते. एक तार छेडताना दुसरी बोटाने हलकेच दाबून गप्प करावी लागते. आजोबांना जे नुसते घुमणे वाटले त्याचे निम्मे कारण हे होते, आणि हे त्यांचे निदान अचूक होते.

हे साधले की ओघ आणावा. षड्ज, शुद्ध गंधार, पंचम, धैवत. मग कोमल निषाद, धैवत, पंचम, गंधार. अशा आठ मात्रांत दोन खंड भरतात. षड्ज मोकळ्या ए तारेवर, गंधार त्याच तारेच्या चौथ्या पडद्यावर, पंचम डी तारेच्या दुसऱ्या, धैवत चौथ्या आणि कोमल निषाद पाचव्या पडद्यावर. मध्यमावर जावयाचे झाले तर हीच आकृती एक तार बारीकडे सरकवावी. पंचमासाठी एक तार जाडीकडे. तिसऱ्या ओळीत पंचमाला व मध्यमाला चारच मात्रा मिळतात, म्हणून तेथे आकृतीचा पूर्वार्ध तेवढा घ्यावा. बोटांची ठेवण बदलत नाही. या ओघाला इंग्रजीत चालता बास म्हणतात, आणि तो खरोखरच पायी चाललेल्या माणसासारखा वाटतो. प्रत्येक मात्रेचे मनाशी तीन समान अंश करावेत आणि मात्रा दुभंगावयाची झाल्यास दोन अंशांवर एक व एका अंशावर दुसरा स्वर टाकावा, म्हणजे ब्लूजचा झोका येतो. टाळी दुसऱ्या व चौथ्या मात्रेवर द्यावयाची असते. भजनी ठेक्याची सवय असलेला माणूस येथे हमखास चुकतो.

आणि आता गाणाऱ्याने गावे. बास शुद्ध गंधार वाजवीत असतो, गायक मात्र कोमल गंधार लावतो, किंवा कोमल व शुद्ध यांच्यामधल्या, पेटीवर न सापडणाऱ्या एखाद्या श्रुतीवर थांबतो. ज्यांनी धानी राग ऐकला आहे त्यांना गायकाचे स्वर ओळखीचे वाटतील. ज्यांनी जोग रागातील दोन्ही गंधार ऐकले आहेत त्यांना या दोहोंच्या घर्षणातला गोडवाही परका वाटणार नाही. राग वेगळे, चलन वेगळे. तेव्हा ब्लूज म्हणजे धानीच, असे म्हणण्याचा उतावळेपणा मी करीत नाही. ओळख पटण्यापुरते नाते आहे, आणि शिकण्यास तेवढे पुरते.

हे वाद्य आज ज्या रूपात दिसते ते मात्र फार जुने नाही. कृष्णवर्णीय कुटुंबे विसाव्या शतकात दक्षिण सोडून उत्तरेच्या शहरांकडे निघाली. १९१० ते १९७० या काळात सुमारे साठ लक्ष माणसांनी असे स्थलांतर केले. त्यांत क्लार्क्सडेलजवळच्या स्टोव्हॉल मळ्यावर राबणारा मडी वॉटर्स होता. १९४१ मध्ये लोकगीतांचे संग्राहक अ‍ॅलन लोमॅक्स व जॉन वर्क यांनी त्याचे गाणे मळ्यावरच ध्वनिमुद्रित केले आणि १९४३ मध्ये तो शिकागोस गेला. त्याच क्लार्क्सडेलजवळ ऑक्टोबर १९४४ मध्ये कापूस वेचणाऱ्या यंत्रांचे जाहीर प्रात्यक्षिक झाले. ज्या हातांसाठी माणसे गुलाम केली गेली होती त्या हातांची गरजच उरली नाही. आमच्याकडे कापूस अजून बहुतांशी हातांनीच वेचला जातो. म्हणून ही हकीकत आम्ही जरा लक्ष देऊन ऐकावी.

शिकागोच्या गोंगाटात गिटारला वीज जोडली गेली. उभ्याने वाजवावयाचा माणसाएवढा डबल बास त्या आवाजापुढे लुळा पडू लागला. सिअ‍ॅटलच्या पॉल टटमार्कने विजेवर चालणारा आडवा बास १९३० नंतरच्या दशकातच बनवला होता. परंतु तो रुजला नाही. १९५१ मध्ये कॅलिफोर्नियातील फुलर्टन येथे लिओ फेंडरने पडदे असलेला विजेचा बास बाजारात आणला. पडद्यांमुळे स्वर नेमका लागतो, म्हणून त्याचे नाव 'प्रिसिजन' ठेवले. आज आमच्या ओसरीवर आलेले वाद्य त्याच वंशातले.

खालच्या तारेवर बसलेल्या माणसाला लोक किती ओळखतात याचे उदाहरण म्हणून विली डिक्सनचे नाव घेतो. तो १९१५ मध्ये मिसिसिपीतील व्हिक्सबर्ग येथे जन्मला. मडी वॉटर्सच्या १९५४ सालच्या 'हूची कूची मॅन' या गाण्यात डबल बास त्याचा आहे, आणि ते गाणे रचलेही त्यानेच. त्याची गाणी दुसऱ्यांच्या नावाने जगभर गाजली. इंग्लंडातील लेड झेपेलिन या प्रसिद्ध वाद्यवृंदाच्या एका गाण्यात आपली रचना वापरली गेल्याबद्दल त्याला न्यायालयात जावे लागले. १९८७ मध्ये तडजोड झाली आणि त्याचा वाटा त्याला मिळाला. वृद्ध कलावंतांना त्यांच्या गाण्यांचे हक्क मिळावेत यासाठीही त्याने संस्था काढली. वही मालकाच्या हातात असली की काय होते, हे त्याला दोन पिढ्यांच्या अनुभवाने ठाऊक होते.

जॉन्सनचे गाणे तर त्याच्या मृत्यूनंतर दीर्घकाळ विस्मृतीतच होते. १९६१ मध्ये ते दीर्घवादन तबकडीवर पुन्हा निघाले. ती तबकडी ऐकून ज्या इंग्रज तरुणांची झोप उडाली त्यांत एरिक क्लॅप्टन होता. १९६८ मध्ये त्याच्या क्रीम या त्रिकुटाने ते जलद लयीत, ए षड्ज धरून वाजवले. त्यात जॅक ब्रूसचा बास स्वतंत्रपणे बोलतो, धावतो, गिटारशी वाद घालतो. आमचा मुलगा ऐकून आला होता तो हाच प्रयोग, आणि पहिल्याच दिवशी त्याला तसे वाजवावयाचे होते. मी त्याला म्हटले, आधी अंगठा शिक, मग ब्रूस.

हे संगीत हिंदुस्थानात कालपरवा आले असेही नाही. १९३५ मध्ये मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात लिऑन अ‍ॅबी या कृष्णवर्णीय वादकाचा जॅझ वाद्यवृंद वाजत होता. जॅझच्या तालमीत तयार झालेले गोमंतकीय वादक पुढे चित्रपटांच्या वाद्यवृंदात आले. अहमदनगर जिल्ह्यातील पुणतांब्याच्या सी. रामचंद्रांनी १९५१ च्या 'अलबेला' चित्रपटासाठी अशाच एका गोमंतकीय ट्रंपेटवादकाची, चिक चॉकलेट यांची साथ घेतली. पुढे राहुलदेव बर्मन यांच्या वाद्यवृंदात टोनी वाझ बास गिटार वाजवीत. ज्या आजोबांनी हे दुसऱ्यांचे वाजवणे ऐकले त्यांनी तरुणपणी रेडिओवर हीच खर्जाची तार शेकडो वेळा ऐकली असेल. फक्त तिचे नाव त्यांना कोणी सांगितले नव्हते.

आपले कोणते आणि दुसऱ्यांचे कोणते, ही रेषा आमच्या भागाला तर विशेष जपून ओढावी लागते. १९५६ मध्ये नागपूर मुंबई राज्यात गेले आणि आम्ही मध्य प्रदेशात राहिलो. २०२३ मध्ये पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला, सौसर त्यात आले. घरात मराठी, कचेरीत हिंदी, भजनात एका बैठकीत तुकोबा आणि कबीर. दोन मुलुखांच्या चव्हाट्यावर राहणाऱ्यांनी गाण्याला त्याचे गाव विचारू नये, असे मला वाटत नाही. विचारावे, अवश्य विचारावे. आणि मिळालेले उत्तर विसरू नये. हे गाणे कोणाच्या शेतात पिकले, त्याचा हिशेब कोणी लिहिला, हे ठाऊक करून घेऊन मग ते वाजवावे. न विचारता उचलले तर ती उचलेगिरी. विचारून शिकले तर ती विद्या.

उरला पहिला प्रश्न: यात गाणे कोठे आहे? त्याचे उत्तर मी दिले नाही. एके सायंकाळी मुलगा चालता बास वाजवीत होता आणि मी वरच्या अंगाने पेटीवर दोनचार स्वर धरीत होतो. आजोबा खांबाला टेकून बसले होते. तिसऱ्या ओळीत पंचमावरून मध्यमावर येताना मुलाची एक मात्रा गळली. आजोबांनी डोळे न उघडता हात वर केला आणि म्हणाले, "थांब. पडली एक. पुन्हा पहिल्यापासून."

आयुष्यभर वीणेची तार धरून ज्यांनी दुसऱ्यांच्या अभंगांना आधार दिला, त्यांना अठ्ठेचाळीस मात्रांत पडलेली एक मात्रा कळली. त्यानंतर गाणे कोठे आहे असे त्यांनी विचारले नाही. मुलगा पुन्हा पहिल्यापासून वाजवू लागला.